भार तळाशी

छत्रपती संभाजीनगराच्या उत्तरेकडे, बीबी-का-मकबऱ्याच्या पाठीमागे आणि विद्यापीठाच्या परिसरालगत जी डोंगरांची रांग पसरली आहे, तिच्यातील गोगाबाबाची टेकडी पहाटे फिरावयास जाणाऱ्या नगरवासीयांच्या चांगल्या परिचयाची आहे. परंतु त्या टेकडीच्या पायथ्याशी गुडघे टेकून, डोळे जमिनीपासून वीतभर उंचीवर आणून पाहिले, तर नित्य पायांखाली तुडविला जाणारा तोच कातळ कडे, घळी आणि दऱ्या यांनी भरलेल्या एका दुर्गम प्रदेशाचे रूप धारण करतो, हे फार थोड्यांनी अनुभवले असेल. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेल्या लाव्ह्यापासून घडलेला हा दख्खनचा काळा पाषाण कोठे घट्ट व गुळगुळीत, कोठे वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, तर कोठे ऊनपावसाने कांद्यासारखे पापुद्रे सुटून मुरमात मोडत चाललेला आढळतो. वीतभर लांबीची, पावशेराहून थोडी अधिक वजनाची, बिनतारी संदेशाने चालणारी चारचाकी या तिन्ही प्रकारच्या भूमीवरून, वेगाने नव्हे तर मुंगीच्या चिकाटीने, एकेक चाक टेकवीत वर नेणे हा ज्यांचा छंद आहे, त्यांच्यासाठी या शहराभोवतीचा प्रदेश म्हणजे निसर्गाने मोकळ्या हाताने दिलेले इनामच होय.

या गाडीला छंदी मंडळी ‘क्रॉलर’ म्हणतात. मुले नुसते ‘रिमोटची गाडी’ म्हणून मोकळी होतात. तिची वंशावळ मोठी रंजक आहे. 1895 मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात तारेवाचून दूरवरची घंटा वाजवून दाखविली. 1898 मध्ये न्यूयॉर्क येथे निकोला टेस्ला याने पाण्याच्या हौदातील लहानशी नौका बिनतारी संदेशाने फिरविली. आणि 1966 मध्ये एका इटालियन कारखान्याने फेरारी गाडीची 1/12 प्रमाणातील बिनतारी प्रतिकृती बाजारात आणली, तेव्हापासून ही विद्या खेळण्यांच्या दुनियेत स्थिरावली. अमेरिकेत युटा राज्यातील मोआब आणि कॅलिफोर्नियातील रुबिकॉन येथील खडकाळ वाटांवर जीपगाड्या चढविण्याच्या खेळाने मूळ धरले, आणि पुढे त्याच खेळाचे लहान रूप म्हणून क्रॉलर जन्मास आला. ज्या जीपचे रूप यांतील अनेक गाड्यांनी घेतले आहे, त्या विलिस जीपची जुळणी महिंद्र यांनी 1947 मध्ये मुंबईत सुरू केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा पाहुणा आपल्याकडे अगदीच अनोळखी राहत नाही. आज 1/18 प्रमाणातील ट्रॅक्सस कंपनीची टीआरएक्स-4एम आणि 1/24 प्रमाणातील ॲक्सियल कंपनीची एससीएक्स 24 या लहान क्रॉलरांपैकी विशेष प्रसिद्ध होत. डब्ल्यूपीएल या चिनी कंपनीच्या 1/16 प्रमाणाच्या गाड्या त्यांहून बऱ्याच स्वस्तात मिळतात.

अशी एक 1/24 प्रमाणाची गाडी आमच्या घरी आली, आणि पहिल्याच रविवारी टेकडीच्या पायथ्याशी, गुडघ्याएवढ्या उंचीच्या एका तिरप्या शिळेवर, ती तीन वेळा मागच्या मागे उताणी पडली. सोबत असलेला माझा पुतण्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकत होता. तो तत्काळ म्हणाला, “काका, हिच्यात जोरच कमी आहे. मोठी मोटर बसवू या.” त्याचे निदान स्वाभाविक होते, जोर कमी पडला म्हणजे जोर वाढवावा, असेच प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. परंतु मोठी मोटर घ्यावयाची तर तिला प्रवाह पुरविणारा नियंत्रक नवा हवा, नियंत्रक नवा तर बॅटरी मोठी हवी, आणि वाढलेला जोर सोसण्यासाठी दातेरी चाके धातूची हवीत. म्हणजे गाडीच्या मूळ किमतीएवढाच दुसरा खर्च. आमच्या जमाखर्चात या कामासाठी 2000 रुपयांहून अधिक तरतूद होण्यासारखी नव्हती. त्या तुटपुंज्या तरतुदीनेच आम्हांला एक प्रश्न विचारावयास भाग पाडले, आणि तो प्रश्न म्हणजेच या प्रकरणाचा विषय होय: गाडी पडते ती नेमकी कशामुळे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी लहान वस्तू ही मोठ्या वस्तूची केवळ आखूड आवृत्ती नसते, हे तत्त्व ध्यानात घ्यावयास हवे. लांबी 24 पटींनी घटली म्हणजे पृष्ठफळ 24 च्या वर्गाने आणि घनफळ 24 च्या घनाने, म्हणजे 13,824 पटींनी घटते. दीड हजार किलो वजनाची जीप याच हिशेबाने लहान केली तर तिचे वजन जेमतेम 109 ग्रॅम भरेल. प्रत्यक्षातील छोटी गाडी सुमारे तीनशे ग्रॅमची असते, तरीही टायर जमिनीला ज्या दाबाने टेकते तो दाब खऱ्या जीपच्या नवव्या हिश्श्याच्या आसपासच राहतो. म्हणून मोठ्या गाडीचे टायर स्वतःच्या भाराने दबून खडकाच्या उंचवट्यांना जसे कवटाळते, तसे लहान गाडीचे टायर कवटाळू शकत नाही. ते दगडावर दगड ठेवावा तसे टणकपणे टेकते आणि घसरते. उलटपक्षी खडी मात्र लहान होत नाही. आपल्या दृष्टीने जो खडा, तो या गाडीच्या दृष्टीने धोंडाच असतो. ज्या बदलांनी लहान गाडी सुधारते, त्यांतील बहुतेकांचे मूळ या विषम प्रमाणात आहे.

आता मुख्य गोष्ट. कोणतीही गाडी उलटते ती तिच्या गुरुत्वमध्यातून सरळ खाली सोडलेली रेषा चाकांच्या आधाराबाहेर गेली म्हणजे. आडव्या उतारावर ती किती कलू शकेल, हे काढण्यास शाळेतील त्रिकोणमिती पुरेशी आहे: रुंदीचा अर्धा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची, हा भागाकार म्हणजे त्या कोनाचा टॅन्जंट. आमच्या गाडीची रुंदी 10 सेंटीमीटर आणि गुरुत्वमध्य 4.5 सेंटीमीटर उंचीवर होता. त्यावरून उलटण्याचा कोन 48 अंश निघतो. कागदावरील या आकड्याची प्रत्यक्षाशी रुजुवात घालण्यासाठी आम्ही घराच्या बांधकामातून उरलेली शहाबादी फरशी गच्चीवर घेतली. तिच्या एका कडेखाली विटा सरकवून ती हळूहळू उचलीत जावयाची, कंपास पेटीतील कोनमापकाला दोरा व त्याच्या टोकाला नट बांधून केलेला ओळंबा फरशीच्या बाजूस धरावयाचा, आणि वरच्या अंगाची चाके ज्या क्षणी सुटतील तो अंश वहीत टिपावयाचा, असा हा प्रयोग होता. प्रत्यक्ष आकडा 44 आला. उरलेल्या चार अंशांची चोरी कोणी केली, याचा शोध घेण्यासाठी पुतण्याने फरशीला कान लावल्यासारखे डोके टेकवून गाडीकडे पाहिले, तेव्हा गाडी उलटण्यापूर्वी तिचे वरचे शरीर खालच्या बाजूच्या स्प्रिंगांवर झुकते आणि गुरुत्वमध्य आपल्याबरोबर बाहेर ओढून नेते, हे त्याच्या स्वच्छ ध्यानात आले. कोणत्याही पुस्तकातील आकृतीने ही गोष्ट त्याला इतकी पटवून दिली नसती.

समोरच्या चढाची गोष्ट याहूनही बोधप्रद आहे. सपाट जागी चारही चाकांवर भार समान असला, तरी 45 अंशांच्या चढावर तो मागे ओसरतो. आमच्या गाडीचे पुढचे व मागचे ॲक्सल यांतील अंतर 13.3 सेंटीमीटर होते, आणि त्या मापांनी हिशेब करता पुढच्या चाकांच्या वाट्यास एकूण दाबाचा जेमतेम सहावा हिस्सा उरत होता. ज्या चाकांवर भार नाही ती चाके दगडास धरणार तरी कशाने? आणि पुढची चाके निष्क्रिय झाली म्हणजे मागच्या चाकांना मिळणारा जोर गाडीचे नाक वर उचलण्याच्याच कामी येतो. अशा स्थितीत मोटर जितकी प्रबळ, तितकी गाडी अधिक त्वरेने उताणी पडणार. म्हणजे आमच्या गाडीत जोराची उणीव नव्हती. असलेला भार अस्थानी होता.

तेव्हा पहिली दुरुस्ती करण्यास एक पैसाही लागला नाही. टपावर शोभेसाठी बसविलेली जाळी आणि तिच्यातील खोटे सामान, मिळून 20 ग्रॅम, आम्ही काढून ठेवले. 10 सेंटीमीटर उंचीवरील 20 ग्रॅम गुरुत्वमध्यावर जो परिणाम करतात, तो चेसिसच्या पातळीवरील कितीतरी अधिक वजनाला करता येत नाही. त्यानंतर 25 ग्रॅमची बॅटरी तिच्या मूळ जागेवरून काढून दोन सेंटीमीटर खाली व सहा सेंटीमीटर पुढे, पुढच्या ॲक्सलजवळ, डबल-टेपने व वेलक्रोच्या पट्टीने बांधली; यात वायरी स्टीअरिंगच्या कांड्यांत अडकणार नाहीत, एवढीच दक्षता घ्यावयाची होती.

दुसरी दुरुस्ती पितळाची. पितळाची घनता पाण्याच्या साडेआठ पट, ॲल्युमिनियमची अवघी 2.7 पट, आणि गाडीचे ॲक्सल ज्या प्लास्टिकचे असतात त्याची एकाहून थोडी अधिक. म्हणून थोड्या जागेत, अगदी खाली, भार ठेवावयाचा तर पितळासारखा जिन्नस नाही. शिसे याहून जड असले तरी ते विषारी आहे आणि मुलांच्या हाताळण्यातील वस्तूत ते टाळावे, हेच इष्ट. बाहेरून मागविलेले तयार पितळी भाग सुबक असतात, परंतु त्यांच्या एका जोडीतच आमच्या तरतुदीचा निम्मा भाग खर्ची पडला असता. आम्ही कासारी बाजारात गेलो. नावाप्रमाणेच हा कासारांचा जुना बाजार. तेथील एका वृद्ध दुकानदारांना, “काका, मोडीचे पितळ सुटे मिळेल का? फार नको, पाव किलो पुरे,” असे विचारता त्यांनी आश्चर्य न दाखविता मोडीच्या पोत्यातून नळाच्या जुन्या जाड तोट्या आणि एका समईचा भरीव दांडा काढून तराजूत टाकला. तो दांडा घेऊन आम्ही चिकलठाण्याकडील एका छोट्या लेथवाल्याकडे गेलो. वाळूज आणि चिकलठाणा येथील औद्योगिक वसाहतींमुळे या शहरात लेथची विद्या गल्लोगल्ली पोहोचली आहे. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या या कारागिरांना शतांश मिलिमीटरची भाषा अवगत असते. पट्टीने मापे दाखविताच त्याने दांडा चकमध्ये धरला, आणि पाहता पाहता काळवंडलेल्या धातूच्या अंगावरून सोनेरी कीस निघू लागला. चाकाच्या पोकळीत घट्ट बसतील अशा, पुढील चाकांसाठी प्रत्येकी 25 ग्रॅमच्या आणि मागील चाकांसाठी प्रत्येकी साडेबारा ग्रॅमच्या, मिळून चार कड्या त्याने अर्ध्या तासात उतरवून दिल्या. तोटीच्या जाड भागातून हॅक्सॉने कापून, कानशीने घासून केलेली आणखी 25 ग्रॅमची एक पट्टी आम्ही पुढच्या ॲक्सलला लावली. मात्र ती ॲक्सलच्या खाली न लावता समोरच्या अंगास लावली, कारण खाली लावलेली पट्टी खडकाला अडते आणि एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते.

असे एकूण 100 ग्रॅम वाढले, त्यांतील 75 पुढे आणि 25 मागे. फळ काय मिळाले? गुरुत्वमध्य 4.5 वरून सुमारे 3.6 सेंटीमीटरवर उतरला. आडव्या कलाचा कोन हिशेबाने 54 अंशांवर गेला, आणि गच्चीवरील फरशीने 51 अंशांची साक्ष दिली. चोरीही एका अंशाने घटली, कारण नवा भार स्प्रिंगांच्या वर नसून स्प्रिंगांच्या खाली, थेट चाकांत, होता आणि म्हणून तो झुकणाऱ्या शरीरात सामील होत नव्हता. 45 अंशांच्या चढावर पुढच्या चाकांचा हिस्सा सहाव्याचा तिसरा झाला. एवढी प्राप्ती झाल्यावर आणखी पितळ घालण्याचा मोह होतो, परंतु तो आवरावा. वाढलेला प्रत्येक ग्रॅम मोटरीला ओढावा लागतो आणि बारीक दातेरी चाकांना सोसावा लागतो, व दाते झडले म्हणजे झालेली बचत व्याजासह परत द्यावी लागते.

तिसरी दुरुस्ती टायरांची. वर सांगितलेल्या प्रमाणाच्या नियमामुळे लहान गाडीला मऊ रबर हवे. नवे टायर घेण्यापूर्वी जुन्यांतील शक्ती अजमावून पाहावी: टायरच्या आतील टणक स्पंज काढून त्या जागी गादीवाल्याकडे कतरणीत मिळणारा मऊ स्पंज, मधे मधे खाचा पाडून, भरावा, नक्षीच्या उंचवट्यांवर धारदार पात्याने आडव्या बारीक चिरा द्याव्यात, म्हणजे प्रत्येक उंचवटा दोन बोटांसारखा स्वतंत्रपणे वाकतो, आणि रिमला एक सूक्ष्म छिद्र पाडावे, म्हणजे आत कोंडलेली हवा बाहेर पडून टायर दगडाच्या आकाराप्रमाणे दबते. 45 अंशांचा चढ न घसरता चढण्यासाठी रबर व खडक यांमधील घर्षणाचा गुणांक किमान 1 लागतो. कोरड्या, स्वच्छ कातळावर मऊ रबर तेथवर पोहोचते, पण त्याच कातळावर मुरमाची धूळ पसरली की ते घसरू लागते, आणि श्रावणात शेवाळ धरल्यावर तर कोणताही इलाज चालत नाही. आमच्या तरतुदीतील सर्वांत मोठी रक्कम, 850 रुपये, शेवटी आम्ही अधिक मऊ टायरांवरच खर्च केली आणि त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही.

चौथी गोष्ट स्टीअरिंगची. क्रॉलरमध्ये एका ॲक्सलची दोन्ही चाके एकत्र बांधलेली असतात. साध्या मोटारीत असते तसे डिफरन्शियल असेल तर एक चाक अधांतरी होताच सारा जोर त्या मोकळ्या चाकाकडे पळतो आणि जमिनीवरचे चाक स्तब्ध राहते. ज्या स्वस्त गाड्यांत ते मोकळे असते, तेथे आतील लहान दातेरी चाकांमध्ये एम-सील भरून ते कायमचे जखडून टाकता येते. परंतु जखडलेली चाके वळण्यास नाराज असतात, आणि दोन दगडांच्या फटीत अडकलेले चाक वळविताना सर्व ताण ते वळविणाऱ्या लहान मोटरीवर, म्हणजे सर्व्होवर, येतो. आमच्या सर्व्होचे प्लास्टिकचे दाते दुसऱ्याच आठवड्यात झडले. दोष माझाच, कारण अडलेले चाक हाताने सोडविण्याऐवजी मी रिमोटचे चक्र दाबून धरले होते. त्या जागी यंत्रमानव बनविणारे विद्यार्थी वापरतात तसा, धातूच्या दात्यांचा लहान सर्व्हो अडीचशे रुपयांत घेतला, आणि तो बसविण्यासाठी ॲल्युमिनियमच्या पट्टीचा कोन घरीच वाकवला. रिसीव्हरमधून येणारे व्होल्ट सर्व्होला झेपणारे आहेत ना, याची खातरजमा मात्र जोडण्यापूर्वी अवश्य करावी.

शॉकअपांबद्दल थोडेच सांगावयाचे आहे. लहान गाडीत स्प्रिंग बहुधा वाजवीपेक्षा ताठ असते; ती मऊ हवी, इतकी की गाडी उभी असतानाच शॉकअप निम्म्याने दबलेला असावा, म्हणजे खड्ड्यात उतरणाऱ्या चाकाला खाली लांब होण्यास वाव राहतो. तेल भरता येण्याजोगे शॉकअप असतील तर त्यांत इन्शुलिनच्या सिरिंजने सिलिकॉनचे तेल भरावे; शिलाई मशीनचे तेल हाताशी असते, परंतु खनिज तेलाने रबरी कड्या फुगण्याचा संभव असतो. बॅटरीच्या बाबतीत मात्र काटकसर निषिद्ध समजावी: फुगलेली किंवा जुन्या लॅपटॉपमधून काढलेली लिथियमची बॅटरी वापरू नये, योग्य चार्जरवाचून ती भारू नये, आणि भारीत असताना तिच्याजवळून उठू नये.

सर्व खर्चाचा ताळेबंद मांडला तेव्हा टायर 850, सर्व्हो 250, पितळ व लेथचा मेहनताना 300, तेल आणि सिरिंज 200, स्पंज, टेप, स्क्रू व एम-सील मिळून 120, असे 1720 रुपये झाले. 280 शिल्लक राहिले. या यादीकडे पाहताना माझ्या लक्षात आले की जो नियम भाराला लागू पडला, तोच पैशालाही लागू पडला आहे. पैसा आम्ही खडकाला टेकणाऱ्या टायरपासून सुरुवात करून चाक, ॲक्सल, स्टीअरिंग असा खालून वर खर्च केला, आणि टपापर्यंत पोहोचण्याची गरजच उरली नाही. रंग, दिवे, झगमगीत जाळ्या हा वरचा खर्च गाडीचे रूप वाढवितो आणि गुरुत्वमध्यही वाढवितो.

वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगराच्या माथ्यापासून पायथ्याकडे, म्हणजे वरून खाली, कोरले गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. तेथील शिल्पींना वरून आरंभ करणे भाग होते, कारण त्यांना भार काढावयाचा होता. ज्याला भार ठेवावयाचा आहे त्याला मात्र खालूनच आरंभ करावा लागतो. दोहोंचा पाषाण एकच, पण कामाच्या स्वरूपावरून दिशा ठरते. येथे एक विनंती आवर्जून करावीशी वाटते: वेरूळ, दौलताबादचा किल्ला, औरंगाबाद लेणी ही संरक्षित स्थळे आपल्या चाकांसाठी नाहीत. ओढ्यातील धोंडे, टेकडीचे उघडे पायथे, मुरमाच्या पडीक खाणी यांनी हा जिल्हा समृद्ध आहे. त्यांवर समाधान मानावे, आणि तेथे जिओलाइटचे पांढरे स्फटिक दिसले तर तेही पाहून जागीच ठेवावेत.

सर्व दुरुस्त्या पुऱ्या झाल्यावर आलेल्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच शिळेपाशी गेलो. मोटर जुनीच होती. पुतण्याने गाडी शिळेच्या तोंडाशी लावली आणि अंगठा इतक्या हलक्या हाताने दाबला की चाके फिरत आहेत की नाहीत, हे टायरवरच्या चिरा मोजल्यावाचून कळू नये. पुढचे डावे चाक एका उंचवट्यावर टेकले, रबर दबून त्याच्या कडेला बिलगले, क्षणभर सर्व थांबले, आणि मग गाडीचे नाक वर न उचलता ती शिळेच्या माथ्यावर सरकली. पुतण्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले नाही. तो अजून गुडघ्यांवरच होता, गाल जवळजवळ दगडाला टेकवून, आणि पलीकडच्या अधिक उभ्या कड्याकडे पाहत म्हणाला, “काका, तिथे चढायचं तर मागच्या चाकांतलं पितळ थोडं पुढे न्यावं लागेल.” मोटरीचे नाव त्याने काढले नाही.